धाकू रेवाळेंच्या खात्यात पडलेले एक लाख ऐंशी हजार

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत कॉम्प्युटरला नाहीतर मॅनेजरला बोल लावत बसेल, आणि मला तेवढं ऐकायची हौस नाही.

दोन हजार पाचच्या जानेवारीतली गोष्ट. भाईंदर पूर्वेला आमच्या सहकारी बँकेची शाखा होती, आणि मी तिथे काउंटरवर क्लार्क. नुकतेच कॉम्प्युटर आले होते. त्या शाखेतल्या हजारो खात्यांपैकी एकच नंबर मला तोंडपाठ होता, ४१७८. खातं धाकू रेवाळे यांचं.

हा माणूस भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होता. बावीस वर्षं त्याच मशीनवर. नखांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर कायम काळी पूड. बँकेत यायचा तेव्हा हात स्वच्छ धुऊन यायचा, तरी पासबुकावर अंगठ्याचा ठसा उठायचाच. पगार बेताचा. पण त्याच्या खात्यात आमच्या कुठल्याही दुकानदारापेक्षा जास्त स्लिपा जमा व्हायच्या. कुठे पाचशे एक, कुठे दोनशे एक, कधी अकराशे एक.

"काय हो रेवाळे, सावकारी चालू केलीत की काय?" मी एकदा चिडवलं.

"कसली सावकारी मॅडम! मंडळाचे पैसे हायत."

संगमेश्वरकडच्या त्यांच्या गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ होतं. देवीच्या देवळापुढे सभामंडप बांधायचा होता. मंडळाची नोंदणी नाही, म्हणून मंडळाच्या नावावर खातं उघडता येईना. मग सगळ्यांनी मिळून धाकूला खजिनदार केला आणि वर्गणी त्याच्याच बचत खात्यात भरायला सुरुवात केली. नालासोपारा, कांजूरमार्ग, डोंबिवली, जिथे जिथे गाववाले होते तिथून कोणी ना कोणी येऊन पैसे भरून जायचं. बँकेच्या नियमात हे बसत नव्हतं. पण आमच्याकडे नियमात बसणारं असं फारसं काही नव्हतंच.

त्या महिन्यात राई गावच्या सावित्री पाटील यांनी चेक भरला. त्यांच्या जुन्या शेताची पट्टी एका बिल्डरने घेतली होती, त्याचे एक लाख ऐंशी हजार. खातं ४१८७. मी स्लिप डाव्या हाताला ठेवली, उजव्या हाताने नंबर टाकला, आणि बोटांनी आपलं रोजचं काम केलं. ४१७८.

नंबर टाकला की स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. ते वाचायचं असतं. मी वाचलं नाही. लाखाच्या वरची एंट्री मॅनेजरने तपासून पास करायची असते. आमचे मॅनेजर अमृतभाई. त्यांनी फोनवर बोलता बोलता पास केली. बस्स, एवढंच झालं.

एप्रिलमध्ये सावित्रीबाईंनी दुसऱ्या कोणाला दिलेला चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून बाउन्स झाला. त्या स्वतः आल्या, पदर खोचून, हातात जानेवारीची शिक्का मारलेली पावती. "बाय, मी चेक भरलेला हाय. ही बघ पावती. मंग पैसं जमा न्हाय असं कसं व्हईल?"

मी मशीनवर बघितलं. परत बघितलं. धाकूच्या खात्यात जानेवारीत एक लाख ऐंशी हजार जमा, फेब्रुवारीत सगळे काढलेले. शिल्लक दोन हजार तीनशे.

सावित्रीबाईंचे पैसे बँकेने त्याच दिवशी भरून दिले. पावती त्यांच्या हातात होती, दुसरा इलाजच नव्हता. त्या गेल्यावर अमृतभाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सुचेताबेन, भूल झाली ते झाली. पन रिकव्हरी? मैं अपने घर से दूँ?"

"एंट्री तुम्हीसुद्धा पास केली होती, भाई."

"मी तुमच्या भरोशावर केली ना! हेड ऑफिसला मी काय सांगू?" आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं. तीस सप्टेंबरपर्यंत पैसे वसूल झाले नाहीत, तर ऑक्टोबरपासून माझ्या पगारातून महिन्याला चार हजार कापणार. शिवाय मेमो. हातात येणारा माझा पगार नऊ हजार दोनशे. मिस्टरांची कंपनी वर्षापूर्वीच बंद पडलेली. मीरा रोडच्या फ्लॅटचा हप्ताच साडेतीन हजार होता. मी मनात हिशोब करून पाहिला, महिन्याला सतराशे उरत होते.

त्याच संध्याकाळी मी धाकूचं घर शोधत नवघरला गेले. सुचेता सामंतचं डोकं फिरलं की काय होतं ते आमच्या सोसायटीला ठाऊक आहे, त्या दिवशी धाकूच्या चाळीला कळलं. दारातूनच सुरू झाले.

"रेवाळे, दुसऱ्याचा पैसा खाताना लाज नाही वाटली? एक लाख ऐंशी हजार! तुमच्या बापाचे होते?"

आत त्याची बायको सुगंधा भाकऱ्या थापत होती, मुलगी दिव्या कोपऱ्यात अभ्यास करत होती. आजूबाजूच्या खोल्यांतले लोक बाहेर आले. धाकू म्हणाला, "मॅडम, ते गुप्तदान होतं."

"काय?"

"आमच्याकडं कोण कोण नाव न सांगता देतो. अशा दानाचं कोणी दिलं ते विचारायचं नसतं. विचारलं की दान वाया जातं."

"अहो, दान कधी शून्यावर संपतं का? पाचशे एक, हजार एक! एक लाख ऐंशी हजार बघून डोक्यात प्रकाश पडला नाही?"

"पडला ना," तो म्हणाला. "वाटलं, देणारा घाईत एक रुपया विसरला. म्हणून तो मी घातला. देवळातल्या देणगीच्या बोर्डावर एक लाख ऐंशी हजार एकच लिहिलंय, बघा पाहिजे तर."

या माणसाने चोरलेल्या पैशांत स्वतःचा रुपया घातला होता! मग चोर कसला?

पैसे कधीच गावाला पोचले होते. शिमग्याच्या आत सभामंडपाचा स्लॅब ओतून झाला होता. धाकूला शंका आली नव्हती असंही नाही. त्याने मंडळाचे अध्यक्ष आत्माराम अण्णांना विचारलं होतं, "अण्णा, तुम्हीच दिलेत ना?" अण्णांचा डोंबिवलीत गाळा, गाडी. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. हसले, आणि धाकूच्या पाठीवर हात ठेवला. "देवाचं काम आहे, बोलायचं नसतं." शिमग्याला गावाने अण्णांना शाल आणि नारळ दिला. अण्णांनी तो घेतला.

"मग प्रश्नच मिटला," धाकू मला म्हणाला. "अण्णा मोठा माणूस हाय. मी त्यांना सांगतो. मंडळ भरंल."

पुढच्या रविवारी मंडळाची सभा झाली. धाकू सोमवारी बँकेत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. आत्माराम अण्णा सभेत म्हणाले होते, "मी दिले असं मी कधी म्हटलं? खातं धाकूचं, सही धाकूची. मंडळाचा काय संबंध?" शाल घेताना संबंध होता, तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं, आणि आताही चाळीस माणसांत एकजणही बोलला नाही. शेवटी अण्णांनीच तोडगा काढला. पैसा देवीच्या कामाला लागलाय, तर देवीलाच विचारू.

त्यांच्या गावाची रीत आहे. गावकीत अडलं की देवीचा कौल घ्यायचा. गुरव देवीच्या मूर्तीला ओल्या कळ्या लावतो आणि प्रश्न घालतो. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्याच्यापुढे कोणी जात नाही. जमिनीचे वाद, लग्नं, माणसं वाळीत टाकणं, सगळं त्या कळ्यांवर झालेलं आहे. धाकूने आयुष्यात कौल मोडला नव्हता. थोरल्या भावाशी तो अकरा वर्षं बोलला नव्हता, कारण कौल तसा लागला होता.

मे महिन्यात तो गावी गेला. मी इथे दिवस मोजत होते. खोटं कशाला बोलू, माहीतही नसलेल्या त्या देवीला मी घरी बसून हात जोडले. उजवी पाड गं बाई, म्हटलं.

तो परत आला आणि काउंटरसमोर उभा राहिला. शेजारच्या रांगेत माणसं होती.

"काय झालं?"

"अण्णांनी गाऱ्हाणं सांगितलं. देवी, तुझ्या कामाला आलेला पैसा परत द्यायचा का?" धाकू खाली बघत म्हणाला. "डावी पडली."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही द्यायचा."

माझा माझ्यावर ताबा राहिला नाही. "वा रे तुमची देवी! स्लॅब तिचा, शाल अण्णाला, आणि पैसे माझ्या पगारातून कापणार महिन्याला चार हजार! तिला सांगा, सुचेता सामंतच्या घरात खायला काय असेल तेही कळ्या लावून बघ!" सगळी बँक माझ्याकडे बघायला लागली. अमृतभाई केबिनबाहेर आले. धाकू एकदम पांढरा पडला. "तुमच्या पगारातून?" एवढंच म्हणाला. मग पासबुक खिशात घालून निघून गेला.

त्यानंतर तो आलाच नाही. बँकेने नोटीस पाठवली, उत्तर नाही. जून गेला, जुलै गेला. त्याच्या खात्यात मंडळाच्या स्लिपा यायच्या बंद झाल्या, दुसरा खजिनदार नेमला असावा. मी घरी दूध अर्ध्यावर आणलं, मुलीचा क्लास बंद केला. ऑगस्टमध्ये माझी खात्रीच झाली की हा माणूस बुडवणार. त्याला मी रोज मनातल्या मनात चार शिव्या हासडायचे.

सव्वीस सप्टेंबरला सकाळी अकरा वाजता धाकू आला. हातात प्लास्टिकची पिशवी, आत वर्तमानपत्रात बांधलेल्या नोटा. "मोजून घ्या मॅडम. एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार हायत, आणि खात्यातले दोन वळते करा."

मी नोटांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "कुठून आणलेत?"

"हिशोब घेतला."

हा शब्द भाईंदरमध्ये कारखान्यातल्या कोणालाही कळतो. हिशोब घेतला म्हणजे नोकरी सोडली. बावीस वर्षांची ग्रॅच्युइटी, फंड, साठलेल्या रजा, सगळे मिळून एक लाख अडतीस हजार. वरचे चाळीस सुगंधाने भिशी उचलून दिले.

"नोकरी सोडलीत? मग आता काय करताय?"

"तिथंच हाय. त्याच मशीनवर. फक्त आता कॉन्ट्रॅक्टरकडून, रोजावर. गेलो तर पैसे, नाही गेलो तर नाही." जणू शिफ्ट बदलली असावी अशा आवाजात त्याने हे सांगितलं. "आज दुपारनं जातो. अर्धा रोज मिळंल."

एक्केचाळीस वर्षांची बाई मी, वीस वर्षं बँकेत लोकांचे पैशांपायी उतरलेले चेहरे बघतेय. असलं काही बघितलं नव्हतं.

"रेवाळे, पण देवीने तर नाही म्हटलं होतं ना? कौल मोडलात?"

तो पहिल्यांदाच थोडा चिडला. "मोडला नाही. प्रश्नच चुकीचा घातला होता अण्णांनी. देवीला विचारलं काय, तर तुझा पैसा परत द्यायचा का. आपला पैसा द्यायला कोण हो म्हणंल? बँकेत एक बाई हाय, तिच्या घरात एकच पगार येतो, तो कापला तर चालंल का, असं कोणी विचारलंच नाही. मलाच माहीत नव्हतं तोवर. तुम्ही ओरडलात तेव्हा कळलं."

"मग परत गावी जाऊन कौल घेतलात?"

"नाही." पिशवीची घडी घालत तो म्हणाला, "ते विचारायला देवी कशाला पाहिजे?"

मी नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. पावतीवर शिक्का मारला, सही केली, आणि पावती त्याला दिली. त्याने ती वाचली, घडी करून पासबुकात ठेवली आणि कारखान्याकडे चालता झाला. अमृतभाईंनी फाइलवर लाल शाईत लिहिलं, वसुली पूर्ण. तयार ठेवलेला मेमो फाडला. मला म्हणाले, "जाओ सुचेताबेन, आज चाय मेरी तरफ से."

मी चहा प्यायले. तो गोड लागला, हे मला कबूल करायलाच हवं. माझा जीव भांड्यात पडला होता, पाच महिन्यांत पहिल्यांदा. आणि चहाचा कप अर्धा झाल्यावर मी तो खाली ठेवला. एप्रिलपासून मी अमृतभाईंना विचारलं, घरच्यांना विचारलं, देवीला विचारलं, की या चुकीचे पैसे कोण भरणार. धाकूने भरले तर त्याच्या घरात काय शिजेल, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.