बांगड्यांचा पेटारा पारावर ठेवून

नागभीडला आमचं बांगड्यांचं दुकान आहे. मी डावरी, बांगड्याही डाव्याच हाताने भरते. गेल्या उन्हाळ्यात कुरखेड्याकडची एक गोंड बाई लेकीच्या लग्नासाठी बांगड्या घ्यायला आली आणि माझ्या हाताकडे पाहतच राहिली. म्हणाली, इंग्रजांच्या काळी त्यांच्या गावात असाच एक डावरा मुसलमान बांगडीवाला यायचा, नागभीडचाच. गावासोबत जेलात गेला होता.

माझ्या हातातली बांगडी तिथेच थांबली. दादाजी कधीतरी जेलात होते, एवढंच आम्हाला ठाऊक. अब्बा लहान असतानाच ते वारले. लोक कुजबुजत, म्हणून अब्बांनी चोरीच असेल असं धरलं आणि जन्मभर तो विषय घरात निघू दिला नाही.

दुसऱ्याच दिवशी ऐंशीला टेकलेल्या अब्बांना घेऊन मी त्या गावी गेले. त्या बाईचा सासरा त्यांच्याच वयाचा. आम्ही काही सांगण्याआधी त्यानेच दादाजींचं नाव घेतलं.

मग त्याने वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. सरकारने जंगलातलं गवत कापायला बंदी केली होती. ती मोडायला सारं गाव विळे घेऊन निघालं, तेव्हा दादाजींनी बांगड्यांचा पेटारा पारावर ठेवला आणि एक विळा मागून घेतला. शिपायाने त्यांना बाजूला काढलं. तू परगावचा, तुझ्याकडे जनावरही नाही, निघून जा म्हणाला.

"ढोर नाई माह्याकडे," दादाजी म्हणाले, "पण मीबी याच मुलखाचा आहो."

चांद्याच्या जेलात असताना रमजान लागला. तेव्हा या म्हाताऱ्याचे वडील आपल्यातली अर्धी भाकर त्यांच्यासाठी संध्याकाळपर्यंत राखून ठेवत.

अब्बांनी हळूच विचारलं, "चोरी नव्हती ना, भाऊ?"

"चोरी काऊन म्हणता? त्याईचं नाव अजून घेऊन राह्यलो आमी."

अब्बा ताडकन उठले. गवत कापलं ती जागा पाहायचीच म्हणाले. दोघे म्हातारे इतके झपाझप निघाले की मला मागून पळावं लागलं. पळसाखाली वाळकं गवत होतं. अब्बा त्यात बसले आणि कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत राहिले.

पंधरा ऑगस्टला गावाने झेंडा फडकवायला त्यांनाच बोलावलं. नवा कुर्ता शिवून ते पहाटेपासून तयार. परतताना बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी सगळी हकीकत सांगितली, मग कंडक्टरलाही.