कटरचा स्क्रू कोण फिरवतं

देऊळघाटला माझ्या सासुरवाडीत पूर्वी सरपणाची कधी ददात नव्हती. कपाशी उलंगली, म्हणजे शेवटची वेचणी संपली, की पऱ्हाट्या उपटायच्या, भारे बांधून घरामागे गंजी रचायची आणि पुढचा कापूस घरात येईपर्यंत चूल त्यावर पेटायची. मग बीटीच्या बोंडांतही गुलाबी अळी शिरली. कृषी सहायक येऊन सांगून गेले की पऱ्हाट्या घराशी साठवू नका, अळी त्यातच दडून बसते आणि पुढच्या पेऱ्यावर येते. दोन हंगाम फवारून फवारून लोकांचे हात सोलले होते, तरी बोंडं किडकीच निघाली होती. त्यामुळे या वेळी गावाने ऐकलं. कुणी पऱ्हाट्या शेतातच जाळल्या, कुणी ट्रॅक्टरच्या यंत्राने बारीक करून टाकल्या. मे महिना संपता संपता सगळ्या गावाला एकदम लाकडं हवी झाली.

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाने हे बरोबर हेरलं. बांधाबांधांवर वाळलेल्या बाभळी उभ्या होत्या आणि कुऱ्हाड चालवायला माणूस मिळत नव्हता. त्याच्या शेतातल्या कपाशीने त्या वर्षी पाठ फिरवली होती. लाकूड कापायचं मशीन, सगळे ज्याला कटर म्हणतात ते, घेऊन लोकांची झाडं कापून द्यायची आणि त्यावर पुढचं वर्ष काढायचं, असं त्याने ठरवलं. त्याने मला सोबत घेतलं, कारण मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि मशीनसोबतचं पुस्तक वाचून देऊ शकत होतो.

मी तयार झालो त्याचं कारण वेगळं होतं. माझी बायको आदल्या दिवाळीत त्याच घरात तापाने पडली. दिवाळीला म्हणून माहेरी गेली होती. मी इकडे ग्रंथालयाची मोजदाद संपवण्याच्या मागे होतो. तिसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा सासऱ्यांनी उचलला आणि ती झोपली आहे म्हणाले. मला बोलावणं आलं ते सहाव्या दिवशी. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर फार काही बोलले नाहीत, फक्त आधी का आणलं नाही असं विचारलं. ती वाचली नाही. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. मला न कळवायचं कोणी ठरवलं? ते कळलं की त्या घराशी संबंध ठेवायचा की तोडायचा हे मी ठरवणार होतो. सरळ विचारायची हिंमत होत नव्हती. मशीनच्या निमित्ताने दर शनिवारी तिथे जाता येणार होतं.

मशीन आम्ही खामगावहून आणलं. नारिंगी रंगाचं, एका नावाजलेल्या कंपनीच्या मशीनसारखं हुबेहूब, फक्त नावातलं एक अक्षर बदललेलं. मेहुण्याने खोकं दुकानाबाहेर नेऊन उन्हात तिरपं धरलं आणि चकाकणारा शिक्का शोधू लागला. बोगस बियाण्याच्या भीतीने पाकिटं घेताना ही सवय सगळ्यांनाच लागली होती. दुकानदार हसून म्हणाला, "भाऊ, हे बियानं नोहे. हे डुप्लिकेटच हाय, मी खोटं कायले बोलू?" त्या वर्षी आमच्याशी इतकं सरळ बोललेला तो एकटाच विक्रेता असावा, आणि मला त्याचाही संशय आला.

मशीनवर अठ्ठावन्न सीसी लिहिलं होतं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर कॅलिपर आणला, सिलिंडर उघडून आतला व्यास मोजला, पिस्टन किती वरखाली होतो ते मोजलं आणि गुणाकार केला. साडेचोपन्नच्या आसपास भरलं. मेहुण्याला याचं काही वाटलं नाही. "भाऊजी, चार सीसी कमी तर कमी. बाभळीले काय समजते?" तो म्हणाला. मला मात्र एक खोटं सापडलं की दुसरं असणारच असं वाटायचं. दिवाळीपासून मी असाच झालो होतो.

अशी स्वस्त मशीनं आहेत तशी चालवत नाहीत, हे आम्हाला लवकर कळलं. सोबत आलेली कापायची दातेरी साखळी दुसऱ्याच दिवशी बोथट झाली. बुलढाण्याच्या बाजारात करवतींना धार लावणारे एक चाचा होते. त्यांनी ती बोटावर फिरवून बाजूला टाकली, चांगली साखळी दिली आणि गोल कानस कशी तिरपी धरायची ते शिकवलं. पेट्रोलची नळी आम्ही फवारणीच्या जुन्या पंपाची काढून बसवली, कारण सोबतची नळी पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडत होती. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं हे मेहुण्याला शिकवावं लागलं नाही. पाठीवरच्या फवारणी पंपाला तेच लागतं आणि ते मिश्रण त्याने इतक्या वेळा केलं होतं की तो वासावरून सांगायचा. सायलेन्सरच्या आतली जाळी काढली आणि त्याला आणखी एक भोक पाडलं, म्हणजे धूर मोकळा निघेल आणि जोर वाढेल. कार्बोरेटरच्या स्क्रूवर कंपनीने प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या होत्या. त्या स्क्रूला ठरावीक मर्यादेपलीकडे फिरू देत नव्हत्या. मी त्या मोडून काढल्या.

तो स्क्रू आत केला की पेट्रोल कमी जातं आणि मशीन जोरात पळतं. बाहेर घेतला की पेट्रोल जास्त जातं आणि मशीन जड होतं. मी तो पुरेसा आत घेतला. मशीन असं काही किंचाळलं की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहिली. मेहुणा खूश झाला. सासरे ओसरीवर बसून होते. ते उठून आत गेले. माझ्याशी ते त्या काळात जेवलात का आणि बस मिळाली का, एवढंच बोलत.

पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा मेहुण्याची तक्रार तयार होती. मशीन भुरभुर करतं, धूर टाकतं, पहिल्यासारखं पळत नाही. मी स्क्रू पाहिला. तो पाव फेरा बाहेर होता. हादऱ्याने फिरला असेल म्हणून मी पुन्हा आत घेतला. त्यापुढच्या शनिवारी पुन्हा तेच, पुन्हा पाव फेराच. हादऱ्याने फिरलेला स्क्रू इतका मोजून फिरत नाही.

मी आधी चाचांवर संशय घेतला, कारण मधल्या बुधवारी मेहुणा साखळी घेऊन त्यांच्याकडे गेला होता. त्यांना जाऊन विचारलंही. ते कानस खाली ठेवून म्हणाले की मशीन त्यांच्यासमोर आलंच नव्हतं, साखळी तेवढी आली होती. मला ओशाळल्यासारखं झालं, पण संशय गेला नाही, नुसती जागा बदलली. मग मेहुण्याचाच आला. त्याला माझ्यासोबतची भागी नको झाली असेल, मशीन बिघडलं म्हणून मी कंटाळून सोडून द्यावं असं त्याला वाटत असेल. पण तो स्क्रू एका खोल, अरुंद भोकात बसलेला होता. त्यात जाईल असा बारीक पेचकस एकच होता आणि तो माझ्या पिशवीत, बुलढाण्याला असायचा.

घरी तिच्या कप्प्यात नखांना लावायच्या लाल रंगाची एक बाटली होती, अर्धी वाळलेली. ती मी दिवाळीपासून हलवली नव्हती. ती घेऊन गेलो. स्क्रू पुन्हा आत घेतला आणि काडीच्या टोकाने स्क्रूच्या डोक्यावरून भोकाच्या भिंतीवर जाईल अशी एक बारीक लाल रेघ ओढली. कोणी फिरवला तर रेघ तुटणार होती. कोणाला काही बोललो नाही. परत येताना बसमध्ये बोटाला लागलेला रंग खरवडत बसलो. आपण कोणत्या थराला आलो आहोत असं एकदा मनात आलं, पण मागे फिरावंसं वाटलं नाही.

त्या आठवड्यात मी शनिवारची वाट पाहिली नाही. गुरुवारी दुपारी रजा टाकून निघालो. मेहुणा गावाबाहेर कुणाची तरी झाडं पाहायला गेला होता. मी मागच्या दाराने शिरलो. गोठ्याच्या सावलीत मशीन पोत्यावर ठेवलेलं होतं आणि सासरे त्याच्यासमोर उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात सायकलच्या चाकाची तार होती, टोक ठोकून चपटं केलेलं. ते टोक त्यांनी भोकात घातलं, कान खाली नेला आणि अगदी हळू फिरवलं. मशीन बंद होतं, तरी ते काहीतरी ऐकत होते.

मला पाहून ते दचकले नाहीत. तार गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "या, जवाईबुवा."

मी विचारलं की तुम्ही हे कशासाठी करता. इतक्या महिन्यांचा राग आवाजात आला होता आणि तो मला स्वतःलाच ऐकू आला. त्यांनी तारेचं टोक बोटाने पुसलं. मग म्हणाले, "थे चिरकून राह्यलं होतं. आवाज पातळ झाला का इंजन तापते आन पिस्टन धरते. इहिरीवरचे दोन इंजनं म्या असेच घालवले."

मला ते पटलं नाही. मी पिशवीतली हत्यारं काढली आणि त्यांच्यासमोरच सायलेन्सर सोडला. भोकातून पिस्टन दिसतो. त्याच्या अंगावर उभे ओरखडे उमटले होते, चार-पाच, नखाने ओढावेत तसे. मी कटर घेतल्यावर पुस्तकं चाळली होती आणि पेट्रोल कमी पडून तापलेला पिस्टन सिलिंडरला घासतो तेव्हा असं होतं, हे मला ठाऊक होतं. सायलेन्सर मोकळा केल्यावर हवा जास्त जाते, म्हणून पेट्रोलही वाढवावं लागतं. मी नेमकं उलट केलं होतं. दर शनिवारी मी मशीन मोडायला ठेवून जात होतो आणि आठवडाभरात कधीतरी ते येऊन वाचवत होते. तसं झालं नसतं तर मेहुण्याचं पुढचं वर्ष एखाद्या बाभळीच्या बुंध्यातच अडकून पडलं असतं.

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"कोनाले सांगू? तुमी दोघं शिकलेले. म्हटलं, आपल्यानं होते तं करून टाकू, कायले बोलायचं."

कुणाच्या तरी शेतातून फवारणीच्या पंपाची घरघर येत होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी म्हणालो, "आणि तिच्या वेळी?"

त्यांनी मान वर केली नाही. स्क्रूबद्दल बोलत होते तितक्याच सावकाश म्हणाले, "थेही मीच म्हटलं. उद्या ताप उतरंल, जवाईबुवाले कायले हैरान करता. तुमचा फोन आला तवा ती जागीच होती." मग तार उचलत, "तिनं म्हटलं होतं तुमाले बलवा म्हनून. एक डाव."

हे मी इतके महिने मनात इतक्या वेळा ऐकलं होतं की खरं ऐकल्यावर काही तरी मोठं होईल असं वाटायचं. तसं झालं नाही. हातात सायलेन्सरचे दोन स्क्रू होते, ते मी जागेवर बसवले. कोणी ठरवलं ते कळलं होतं. संबंध तोडायचा तर आता तोडता येत होता. पण हा माणूस लबाड नव्हता. लबाड असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने दोन्ही वेळा सगळं एकट्याने, न बोलता, आपल्यापरीने निस्तरायला घेतलं होतं. एकदा ते जमलं होतं.

मी एवढंच म्हणालो, "स्क्रूचं त्याला तुम्ही सांगा. आजच सांगा. मी सांगणार नाही."

मेहुणा तासाभराने आला. गुरुवारी मला पाहून त्याला नवल वाटलं, पण एक बाभूळ आजच पाडायची होती म्हणून तो घाईत होता. आम्ही तिघे मशीन घेऊन बांधावर गेलो. वाटेत सासऱ्यांनी त्याला सांगितलं. तुटक तुटक, मधे मधे खोकत, पण सगळं सांगितलं, सायकलच्या तारेसकट. मेहुणा ऐकून हसला. मग त्याला एकदम काय वाटलं कोण जाणे, तो थांबला.

"मंग तवाच सांगाचं ना, बाबा," तो म्हणाला. "घरच्या मानसापासून कायले लपवता तुमी?"

तिच्या वेळी मला का कळवलं नाही हे त्याला माहीत नव्हतं, निदान मला तरी तसं वाटलं. सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मला म्हणायचं होतं ते वाक्य दुसऱ्याच कुणी, दुसऱ्याच कशाबद्दल, न रागावता म्हणून टाकलं होतं.

मेहुण्याने दोरी ओढली. पाव फेरा बाहेर घेतलेल्या स्क्रूवर मशीनचा आवाज जाडसर, भरीव येत होता. साखळी बुंध्यात शिरली तसा पिवळट भुसा त्याच्या पायांवर उडू लागला. बाभूळ उतारावर, आमच्या उजव्या हाताला झुकलेली होती. सासरे माझ्यापासून चार पावलांवर उभे होते. बुंधा करकरला तसे ते एवढ्या मोठ्याने बोलले की मशीनच्या आवाजातही ऐकू आलं.

"जवाईबुवा, इकडे सरका. तिकडे पडंल थे."

झाड कुठे पडणार ते मला दिसत होतं. मी उभा होतो ती जागा त्यापासून बरीच दूर होती. तरी मी सरकलो.