दोन डोळ्यांची दोन औषधं

आमच्या ह्यांचं नाव गुणाजी. गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे रंगवण्याच्या कामाला आखणी म्हणतात, आणि पेणजवळच्या आमच्या हमरापुरात ती आमचे हे करतात. मूर्ती कुणीही साच्यातून काढावी, अंगाला रंग कुणीही मारावा, डोळ्यांना मात्र हेच लागतात. हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून सांगायला बसले तर वेगळंच काहीतरी सांगेन.

झालं असं की बाप्पांचे डोळे उघडता उघडता ह्यांचेच मिटत चालले. नजर शाबूत, पण वरच्या पापण्या सैल होऊन पार बुबुळावर लोंबायला लागल्या. हे एका बोटानं पापणी वर धरायचे आणि दुसऱ्या हातानं ब्रश चालवायचे. मग चिकटपट्टी लावून पाहिली. ती घामानं सुटायची आणि जाताना भुवईचे केस घेऊन जायची. गेल्या वर्षीचे गणपती तर चक्क पेंगुळलेले निघाले. एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाप्पा जेवून आलेत काय?" कारखान्याचे मालक निलेशशेठ आधी खो खो हसले आणि मग एकदम गंभीर झाले.

"गुणाजी, औंदा आखणी सुरू व्हायच्या आत डोळ्यांचं काय ते बघ. नायतर मला पेणवरून दुसरा माणूस आणावा लागंल."

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. सतत बडबडणारा माणूस भिंतीकडे बघत बसला. आखणी गेली तर ह्या माणसात मागे काय उरेल? मी दुसऱ्याच दिवशी चौकशीला लागले.

रोह्याच्या डॉक्टर नाओमी पापण्यांचं ऑपरेशन करतात असं कळलं. त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. घरचे बहुतेक इस्रायलला गेले, ह्या इथंच राहिल्या आणि बोलतात अगदी आपल्यासारख्या. त्यांच्याकडे गर्दी फार्महाऊसवाल्या बायकांची, तरुण दिसायला आलेल्या. त्यांच्यात आमचे हे बसले, शर्टावर सोनेरी रंगाचे डाग घेऊन. एकीनं विचारलं, "तुम्ही पण?"

"व्हय. मला पण सुंदर व्हायचाय," हे म्हणाले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

डॉक्टर एक अभ्यास करत होत्या. रानातल्या एका पाल्याच्या अर्कानं ऑपरेशननंतरची सूज लवकर उतरते का, ते त्यांना बघायचं होतं. ह्यांनी त्यात भाग घ्यायला हौसेनं होकार दिला. ऑपरेशन झालं आणि घरी जाताना दोन ट्यूब मिळाल्या. एकीत अर्काचं मलम, दुसरीत नुसतंच मलम. कशात काय आहे ते अभ्यास संपेपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नव्हतं.

"ही उजव्या डोळ्याला, ही डाव्या. काका, अदलाबदल अजिबात नाय करायची, नायतर माझी मेहनत पाण्यात."

ह्यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात आमच्या ह्यांचा हात कुणी धरणार नाही.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. आळीतल्या बाया ट्यूब हुंगायला यायच्या. कुणी म्हणे कोरफड, कुणी म्हणे हळद, एकीला तर उंदीरमाराचा वास आला. मग उजव्या डोळ्याची सूज भराभर उतरायला लागली आणि डावा बटाटेवड्यासारखा फुगलेलाच राहिला. इथं ह्यांचं डोकं फिरलं. आखणीत एक डोळा पुढे आणि एक मागे असं चालतच नाही. उजव्याची रेघ ओढली की लगेच डाव्याची, एकाच करवंटीत कालवलेल्या रंगानं. दोन्हींना वेगळा रंग कालवला तर बाप्पा चकणा दिसतो. हे आरशापुढे उभे राहून "बिघडली गो मूर्ती" म्हणत कळवळायचे.

एके सकाळी बघते तर ह्यांनी दोन्ही ट्यूब करवंटीत पिळलेल्या. छान घोटून, नव्या कोऱ्या ब्रशनं दोन्ही पापण्यांवर हात फिरवणं चाललेलं.

"अहो! डॉक्टरांनी काय सांगितलेलं?"

"आता बघ कसे सारखे येतात!"

आणि आले की! तपासणीला गेलो तेव्हा दोन्ही डोळे अगदी सारखे. मी खूश, हे खूश. डॉक्टरांचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे पाल्यात काही दम नाय," त्या हळूच म्हणाल्या. मी ह्यांना चिमटा काढला, गप्प बसा म्हणून. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय निलेशशेठ ब्रश हातात देणार नव्हते, आणि रागावलेली डॉक्टर परवानगी कशाला देईल? पण ह्यांना राहवलं नाही. पाल्याची बदनामी बघवेना. सगळं सांगून टाकलं, करवंटीसकट.

"करवंटीत?" डॉक्टर किंचाळल्या.

"स्वच्छ धुतलेली व्हती."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत असं वाटून मी घाबरले, तर बाई टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. "काका, तुम्ही अभ्यासातून बाद!"

"असा बाद नका करू. डावा परत सुजवा, ह्या टायमाला नीट करतो."

"अभ्यासात बाद हो. डोळे पास! उद्यापासून ब्रश धरा."

परतीच्या गाडीत ह्यांनी निडी, नागोठणे, कासू, प्रत्येक स्टेशनची पाटी मोठ्यानं वाचली. डब्यातल्या लोकांना वाटलं, माणूस आजच वाचायला शिकलाय.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळे भोवती जमले. ह्यांनी रंग कालवला, श्वास रोखला आणि पापणीला बोट न लावता दोन रेघा ओढल्या. बाप्पा टक्क जागे झाले. निलेशशेठ लगेच दुसरी मूर्ती आणायला गेले. मला आनंदानं नाचावंसं वाटत होतं.

हे वळून माझ्याकडे बघत राहिले, अगदी पूर्ण डोळ्यांनी.

"तुझ्या कपाळाला ही आठी कधीपासून गो?"

"तुमची पापणी पडायला लागली तेव्हापासून."

ह्यांनी ब्रश खाली ठेवला. अंगठा पुसला आणि सगळ्यांदेखत माझ्या कपाळावरून फिरवला, ओला रंग सारखा करतात तसा.