दहा वाजून पाच मिनिटांचा मुहूर्त

हां, तर राजेश्वर गावच्या अंकुशरावांनी लेकीच्या पहिल्या एकटीच्या उड्डाणाचा मुहूर्तच काढून आणला होता! दहा वाजून पाच मिनिटं. विमानाच्या मैदानावर ते नारळ घेऊन उभे. दीपमालाची नजर मात्र आभाळावर होती. घारी कधीच नाहीशा झाल्या होत्या, बीदरकडून काळंकुट्ट आभाळ चढत होतं आणि खांबावरची वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी एकाएकी उलटी फिरली. आज माघार घेतली तर विमान शिकवणारे सर नापास करतील, ही धास्तीही होतीच.  सर मात्र ती काय ठरवते तेच बघत होते.

“दहा-चार झाले, बस की! कामून थांबलीस?” अंकुशराव ओरडले. “भ्यालीस व्हय?”

“व्हय अप्पा, भ्याले. वारा फिरायलाय, आज मी विमान उचलत न्हाई.”