नव्या गिऱ्हाइकाचा भाव

पॉलिसीकाका आमच्याकडे आले की आधी बसत नसत. चपला दाराशी काढायच्या, पिशवी खुर्चीवर ठेवायची आणि सरळ गच्ची गाठायची. तिथून खाली येता येता ते भिंतींना तळहात लावून बघत, स्विचबोर्डाजवळ नाक नेऊन वास घेत, गॅसची नळी वाकवून तपासत. बायको म्हणायची, "काका, आधी चहा घ्या." त्यावर ते म्हणत, "चहा कुठं पळून जातो, सूनबाई? ओल पळते. आज या भिंतीत, उद्या त्या भिंतीत." घराचा विमा विकणाऱ्या दुसऱ्या कुणालाही मी घर असं बघताना पाहिलेलं नाही.

त्यांचे वडील आणि माझे आजोबा सरकारी नोकरीसाठी नागपूरहून भोपाळला आलेले. शिवाजी नगरच्या क्वार्टरांमध्ये आमची दारं समोरासमोर होती. मी कोलार रोडला घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीच्या पंगतीतच काकांनी मला गाठलं. "घर बांधलं, छानच केलं. पण त्याच्या जिवाची काळजी कोण करणार बे?" मी सही केली ती विम्यासाठी नव्हे, काकांना वाईट वाटू नये म्हणून.

एकदा त्यांना फ्रिजमागचा प्लग गरम लागला. वायरमन येऊन तो बदलेपर्यंत ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले. मी म्हटलं, "काका, जळालं तर विमा आहेच की." ते चिडले. "विमा पैसे देतो बाबू, घर नाही देत." दरवर्षी मुदत संपायच्या महिनाभर आधी ते असे येत आणि आठवड्याने नवा कागद आणून देत. मधल्या आठवड्यात ते काय करतात, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी ते आले नाहीत. कंपनीचा निरोप थेट माझ्या फोनवर आला. हप्ता चांगलाच वाढला होता. शेजारचे तिवारीजी म्हणाले, "अरे भाई, नया ग्राहक बनके देखो, रेट गिर जाएगा." मी कंपनीच्या वेबसाइटवर बायकोचा फोन नंबर घालून पाहिलं. तीच कंपनी, तेच घर आणि भाव कितीतरी कमी. मला वाटलं, पंधरा वर्षं हा माणूस आपल्या घरात फिरत होता तो आपल्याला गाफील ठेवायला.

मी फोन करून त्यांना बोलावलं. त्या दिवशी ते गच्चीवर गेले नाहीत. आले आणि सोफ्यावर बसले, तेही हाताचा आधार घेत. मला त्यात अपराधीपणा दिसला. तिवारीजी समोरच बसलेले असताना मी म्हणालो, "काका, जुनं गिऱ्हाईक म्हणून तुम्ही आम्हाला इतकी वर्षं जास्त भाव लावत आलात? विश्वासाचा हाच अर्थ का?"

काकांनी एकदा तिवारीजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यंदा ऑफिसात जाणं झालं नाही रे. चुकलंच माझं. मला दोन दिवस दे."

"बरं," मी म्हणालो. ते फाटकापर्यंत पोचायच्या आत मी फोनवर नवी पॉलिसी घेऊन टाकली.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "बाबू, झालं बघ तुझं काम! नव्या गिऱ्हाइकाचाच भाव दिला त्यांनी."

"मी घेतली काका. त्याच दिवशी."

मग ते म्हणाले, "बरं केलं. भाव नीट मिळाला ना? त्यात गच्चीच्या पाण्याचं नुकसान धरलंय का, तेवढं वाचून घे. उत्तरेच्या कोपऱ्यात साचतं तुझ्याकडे."

मी फोन ठेवला आणि माझा सगळा राग ओसरला. उद्या बोलू, रविवारी जाऊ, असं म्हणत पाच आठवडे गेले. काका हृदयविकाराने गेल्याचं मला तिवारीजींकडून कळलं.

तेराव्याला विमा कंपनीच्या महाराणा प्रताप नगरच्या ऑफिसातले एक अधिकारी आले होते. काकांच्या फोटोसमोर हात जोडून ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि आपण होऊन बोलू लागले. "हर साल अपने पुराने ग्राहकों की लिस्ट लेकर आते थे. जब तक सबको नए वाला रेट न मिले, उठते नहीं थे. कहते थे, दामाद पुराना हो गया तो क्या उसकी थाली छोटी कर दोगे? हम हँस देते थे, और रेट दे देते थे."

"यंदा?" मी विचारलं.

"इस बार हर्निया का ऑपरेशन हुआ था न. बाकी सबका फोन पे कह दिया था, अगले महीने देखेंगे. बस एक केस के लिए खुद आए. कोलार वाला कोई. टाँके कच्चे थे, पेट पकड़के बेंच पे बैठे रहे. मैंने कहा, दादा घर जाइए. बोले, घर का ही लड़का है, नाराज़ हो गया है."

मी उठून आत काकूंकडे गेलो. ऑपरेशनचं मला का कळवलं नाही, असं विचारायचा मला हक्क नव्हता. मी म्हणालो, "काकू, तो कोलारवाला मी. मी त्यांना चारचौघांत नको ते बोललो."

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता. "मी म्हणत होते, तुम्हीच लावा त्याला फोन. तर म्हणाले, नको, राग शांत होऊ दे त्याचा, मग तोच करेल. इतके दिवस रागावला होतास का रे?"

मी नाही म्हणालो. राग तर त्याच दिवशी गेला होता, त्यानंतरची सगळी लाज होती, हे मी काकूंना सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पण हे ज्यांना सांगायला हवं होतं, ते मी अजून रागावलेलाच आहे असं समजून गेले.