पट्ट्यावरची गोधडी

यंदाच्या वेळअमावस्येला दुपारी, रानात जेवायला आलेल्या लोहाराच्या हातावर मी चारशे पन्नास रुपये ठेवले. हजर होते आई, माझी बायको आणि ज्याच्यापायी खर्च झाला तो आमचा कुत्रा. बदल्यात मिळाला चामड्याचा पट्टा, बाहेरून बोटभर लांब लोखंडी काटे लावलेला. जळकोटच्या अलीकडं शेतातच आमचं घर आहे. पंधरवड्यापूर्वी शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं लांडग्यांनी गळा धरून नेलं होतं.

कुत्र्यानं ओसरीवर चढायचं नाही, हा आईचा नियम. म्हणून दिवेलागणीला तीच अंगणात पोतं टाकून बसते आणि तो तिच्या मांडीवर मान टाकतो. त्या संध्याकाळीही त्यानं टाकली. आई ओरडलीच.

"टोचावं म्हणूनच केलंय ते," मी म्हणालो.

"लांडग्याला टोचू दे. म्या काय याचा गळा धराय लागले व्हय?"

दुसऱ्या दिवशी पाहतो तर काट्यांवर जुन्या लुगड्याचे चार पदर शिवलेले. बायको म्हणाली, "आत्या, आता लांडग्यालाबी एक गोधडी शिवा. थंडी लई हाय."

मी ती गोधडी उसवली. मग आई मांडीवर घेण्याआधी पट्टाच काढून खुंटीला अडकवू लागली. "एवढं बसून झालं की घालते," म्हणायची. मी रोज बोलायचो आणि रोज पट्टा खुंटीवरच दिसायचा.

पौषात एका संध्याकाळी तुरीच्या कडेला दोन लांडगे दिसले. कुत्रा मांडीवरून उठला आणि मोकळ्या गळ्यानंच त्यांच्यावर धावला. आई काठी घेऊन मागं. तिचा आवाज ऐकून मी पळालो, तोवर लांडगे ओढ्यात उतरले होते. आई बांधावर बसून त्याची मान चाचपत होती.

"मुडद्या, गळ्यात काय न्हाय अन् निघाला व्हय लढाया?"

ओरखडाही नव्हता. तरी तिनं हात काढला नाही. घरी आल्यावर तिनंच त्याला ओसरीवर ओढून घेतलं आणि मला म्हणाली, "हितं दार करून घे. दिवसा बाहेर असंल तवर पट्टा, अंधारायच्या आधी आत. आत मातर त्याचा गळा मोकळा पायजे मला."

आठवड्यात ओसरीला जाळीचं दार बसलं. वेल्डरचे तीन हजार दोनशे झाले. सत्तावीसशे मी दिले. उरलेले पाचशे आईनं कनवटीचे काढून त्याला दिले.