दुपारच्या खेळाचे प्रेक्षक

आमच्या वन्सं सिनेमाच्या थेटरात डोअरकीपर होत्या. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं आणि बॅटरीच्या उजेडात माणसाला त्याच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं, हे काम त्यांनी सासर सोडून परत आल्यापासून केलं. परत आल्या त्या भावाच्या घरी, म्हणजे आमच्याकडे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या आतल्या लहान खोलीत राहत होत्या, आजही तिथेच आहेत. माझी मुलं त्यांना अंधारआत्या म्हणतात आणि त्यांना ते आवडतं.

सिनेमा कसा होता असं विचारलं तर वन्सं पडद्यावरचं काही सांगत नसत. त्यांची पाठ कायम पडद्याकडे. त्या म्हणायच्या, "पहिल्या अर्ध्यात लोक चुळबूळ करतात. मग कुणीतरी मरत असावं, सगळी रांग नाक पुसते. शेवट बरा असेल, आधीच उठून चपला शोधायला कुणी वाकलं नाही." एवढ्यावर समोरच्या शिंपीणबाई तो सिनेमा बघायचा की नाही हे ठरवत.

पगार झाला की त्या घरखर्चाचा आपला वाटा माझ्या हातात ठेवत. हे दर वेळी म्हणायचे, "ताई, तुझ्याकडे कुणी मागतंय का?" आणि वन्सं दर वेळी म्हणायच्या, "कुणी मागत नाही तोवरच द्यायचं असतं." तो वाटा फार मोठा नव्हता, पण त्याच्यावर त्यांचं या घरातलं वागणं उभं होतं. भाजीत मीठ जास्त झालं तर त्या मला सरळ सुनावत. मुलांना रागावत. ह्यांच्याशी भांडत. मी मनात म्हणायची, भांडताहेत तोवर ठीक आहे.

थेटरातला पगार खेळावर होता. खेळ झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. हजेरी मात्र सकाळपासून. खुर्च्या पुसा, दारं उघडा, मधले तास जिन्यावर बसून काढा, त्याचं कुणी काही देत नसे. आणि आत निदान दहा माणसं असल्याशिवाय खेळ लावायचा नाही असा मालकांचा नियम. संध्याकाळी आणि रात्री तो प्रश्न नव्हता. दुपारी पाच-सहा माणसं आली तरी खूप. वन्संचे गुडघे गेल्यापासून त्यांच्या वाट्याला फक्त दुपारचा खेळ राहिला होता, कारण तेव्हा बाल्कनी बंद असे आणि जिने चढावे लागत नसत. म्हणजे दहा माणसं भरली नाहीत की वन्सं सकाळी गेल्या तशा रिकाम्या हाताने परत.

यावर तोड काढली तिकीटमास्तरांनी. ते तिकिटाच्या खिडकीत बसत, वन्संपेक्षा बरेच लहान, वन्संनीच कामाला लावलेले. ते म्हणाले, कमी पडतील तेवढी सगळ्यात स्वस्त तिकिटं आपणच वर्गणी काढून घेऊ. वर्गणी गेली तरी पगारातलं थोडं उरतं, खेळ रद्द झाला तर काहीच उरत नाही. फक्त एक अडचण होती. मॅनेजर खेळ सुरू होताना दारातून डोकावून डोकी मोजत. तेव्हा तिकिटांबरोबर डोकीही लागायची.

ती डोकी म्हणजे आम्ही. मी, शिंपीणबाई, थेटरात झाडलोट करणाऱ्या धाकटीची आई, आणखी एक-दोघी. धाकटी म्हणजे तिथली सगळ्यात तरुण बाई, पदरात दोन मुलं. दुपारची कामं आटोपून आम्ही जायचो आणि उरलेली कामं बरोबर न्यायचो. शिंपीणबाई काजं करत. अंधारात काज कसं होतं हे देव जाणे, पण पडद्यावर दिवसाचा प्रसंग आला की त्यांचा हात भराभर चाले. मी मटार सोलत असे. एकदा धाकटी येऊन हळूच म्हणाली, "काकू, सालं पिशवीत टाका ना, मलाच झाडावी लागतात." पडद्यावर गोळ्या सुटायच्या आणि माझा जप चालायचा. एकाग्रता मला देवघरात साधली नाही तेवढी तिथे साधली, हे खरं आहे.

शिंपीणबाई जेवून आलेल्या असल्या की त्यांना डुलकी लागायची. मग वन्सं बॅटरीचा उजेड त्यांच्या पायाशी टाकून म्हणायच्या, "घोरू नका हो. तिकीट काढून आलाय तुम्ही."

"कुणी काढलं तिकीट?" शिंपीणबाई विचारायच्या.

"मीच काढलंय. म्हणून तर म्हणते, नीट बघा."

असं वर्ष-दीड वर्ष चाललं. मॅनेजरना माहीत होतं की नाही कोण जाणे. एकदा मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "काकूंना सिनेमाची भारीच आवड."

मग महागाई वाढत गेली आणि खेळामागे मिळणारे पैसे होते तिथेच राहिले. धाकटीने मुलाचं दूध अर्ध्यावर आणलं. सिनेमाचं मशीन चालवणारा ऑपरेटर बायकोचं औषध एक दिवसाआड घेऊ लागला. शेवटी सगळ्यांनी मिळून संप केला. मागणी साधी होती. खेळ होवो न होवो, हजर असलेल्या वेळेचे पैसे द्या, आणि घर चालेल एवढे द्या.

सगळे थेटरच्या पायऱ्यांवर बसले. मला वाटलं होतं दारं बंद होतील. तसं काही झालं नाही. मॅनेजर स्वतः तिकिटं फाडू लागले, मालकांच्या दुसऱ्या थेटरातून माणसं आली. लोक येत, पायऱ्यांवर बसलेल्यांमधून वाट काढत, "जरा सरकता का" म्हणत आत जात. एक गृहस्थ तर सवयीने तिकीट फाडून घ्यायला वन्संपुढे उभे राहिले. वन्संनी हात पुढे केला आणि मग मागे घेतला. "आत द्या," म्हणाल्या.

घरी हे चिडचिड करत. रागही बहिणीच्या काळजीनेच यायचा. "ताई, या वयात पायऱ्यांवर बसायचं?"

"मग काय उभी राहू? गुडघे कुणाचे आहेत?"

"नोकरी गेली म्हणजे?"

वन्सं ताटातली पोळी मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "गेली तर तू आहेस ना." ते त्यांनी अगदी हळू आणि गोड म्हटलं. त्या गोड बोलणाऱ्या नव्हेत. त्या रात्री मीठ जास्त पडलं होतं, मला मागाहून कळलं. त्या काही बोलल्या नाहीत.

मी रोज देवापुढे बसून एकच मागत होते, मालकांना बुद्धी दे.

एके दिवशी मालक स्वतः बोलणी करायला आले. मी डबा घेऊन गेले होते. मॅनेजरच्या खोलीत सगळे मावत नव्हते, म्हणून दार उघडंच होतं आणि मी बाहेर व्हरांड्यात उभी राहिले. मालक आवाज चढवून बोलणारे नव्हते. त्यांनी वन्संना खुर्ची द्यायला सांगितली. मग म्हणाले, "खेळ रद्द होतात म्हणून पैसे बुडतात, असं तुम्ही म्हणता. मला एक सांगा, दुपारचा खेळ शेवटचा कधी रद्द झाला?"

त्यांनी टेबलावरची खेळांची वही पुढे ओढली.

"वर्षभरात एकदाही नाही. मग बुडालं काय? खेळ होतात, पैसे मिळतात. बाकी ओढाताण कुणाला नसते?"

तिकीटमास्तरांनी वन्संकडे पाहिलं आणि मान बारीकशी हलवली. बोलू नका, असं. आत जाण्याआधीच ठरलं होतं की वर्गणीचा विषय काढायचा नाही, तो आपल्यावरच उलटेल. पण धाकटी रडवेली झाली होती आणि मालक तिच्याकडे बघून म्हणत होते, "बाई, तुम्ही घरखर्च जरा आखून केलात तर पुरेल." तिथे वन्संना राहवलं नाही.

"खेळ आम्ही चालवलेत," त्या म्हणाल्या. "दुपारची तिकिटं आम्हीच काढतो. तुम्ही दिलेल्या पैशातून."

"म्हणजे?"

"म्हणजे दहा डोकी भरायला आम्ही आमच्या घरच्या बायका आणून बसवतो. आम्ही आमच्या पैशाने आम्हालाच कामावर ठेवलंय. एवढं करून पुरत नाही, म्हणून पायऱ्यांवर बसलोय."

मालकांनी दाराकडे पाहिलं. "या कोण?"

"या प्रेक्षक," वन्सं म्हणाल्या.

मी डबा धरून उभी. नमस्कार करावा की काय करावं सुचेना. ऑपरेटर फसकन हसला आणि मग सगळेच हसले, मालकसुद्धा. मला वाटलं, आता ठीक होईल. खोलीतल्या सगळ्यांनाच तसं वाटलं असावं. मालकांनी वन्संसाठी पाणी मागवलं आणि अगदी मायेने म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

तडजोड लवकर झाली. सगळे पायऱ्यांवर जमले आणि तिकीटमास्तरांनी कागद वाचून दाखवला. खेळामागचे पैसे वाढले होते, मागितले तेवढे नाहीत, पण वाढले होते. खेळ रद्द झाला तर निम्मे मिळणार होते. पुढचं वाक्य त्यांनी भरभर वाचलं. दुपारच्या खेळाला प्रेक्षक नसल्याचं कामगारांनीच निदर्शनास आणल्यामुळे तो खेळ कायमचा बंद करण्यात येत आहे.

वाचून झाल्यावर कुणी कुणाकडे बघेना. धाकटी पायरीवरचं नसलेलं काहीतरी वेचत होती. तिला संध्याकाळचं झाडणं मिळणार होतं, ऑपरेटरला रात्रीचा खेळ होताच. दुपारच्या खेळाशिवाय दुसरं काही नसलेलं माणूस एकच होतं.

"मालकांना मी विचारून पाहिलंय," तिकीटमास्तर खाली बघत म्हणाले. "बाल्कनीचे जिने चढवत असतील तर या, म्हणतात."

"चढवत नाहीत," वन्सं म्हणाल्या.

"नाकारायचं तर सगळ्यांनी मिळून नाकारू. मत घेऊ."

मुलांचं दूध, बायकोचं औषध, भाडं, ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या डोक्यात. मी तिथे होते, मला त्यांचा राग येईना. यावा असं फार वाटत होतं. मान्य असेल त्यांनी हात वर करा असं मास्तर म्हणाले आणि एकही हात वर जाईना. मग वन्संनीच वैतागून आपला हात वर केला. "करा रे, करा. उन्हात किती वेळ बसवणार?" त्यानंतर एकेक हात वर गेला. धाकटीचा सगळ्यात शेवटी.

देवाने मालकांना बुद्धी दिली नाही, असं मला म्हणता येत नाही. आता मी काय मागावं ते मला कळत नाही. जपाला बसते आणि उठते.

काल तिकीटमास्तर घरी आले. चहा घेतला, ह्यांच्याशी इकडचं तिकडचं बोलले. बराच वेळ विषय निघेना. शेवटी वन्संच म्हणाल्या, "काय न्यायला आलास ते सांग. पेला किती वेळ चाटशील?"

"थेटरचा कोट," ते म्हणाले. "आणि बॅटरी. जमा करायला सांगितलीय. मीच जातो म्हटलं, दुसरं कुणी यायला नको."

कोट वन्संनी आधीच धुऊन घडी करून ठेवला होता. बॅटरी आणली, मागचं झाकण फिरवलं आणि आतले दोन सेल हातावर काढून घेतले. "हे माझे. इतकी वर्षं सेल आपले आपणच घालतोय."

"आता ते थेटरातून मिळणार आहेत, ताई. तीही मागणी मान्य झाली."

"बरं झालं," वन्सं म्हणाल्या. "माझ्या जागी येईल त्याला नवे घाल."

मास्तर उठले. जाताना वाकून त्यांच्या पाया पडले, आणि वन्संनी पाय मागे घेतले नाहीत की आशीर्वादही दिला नाही. हे त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. वन्सं तशाच उभ्या होत्या, मूठ मिटून. मग मला म्हणाल्या, "अगं, हे कुठे ठेवू?" स्वतःच्या घरात एवढी साधी गोष्ट त्यांनी मला कधी विचारली नव्हती.

मी म्हटलं, ठेवा ना तिथेच. तिथेच म्हणजे कुठे, ते मलाही सांगता आलं नसतं.